डेल्फ्टच्या दोन बातम्या

नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट नावाचे एक छोटे, कालव्यांचे शहर आहे. निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध. आरोग्याची पाने नेमाने वाचणाऱ्यांना मात्र ते दुसऱ्याच कारणाने ओळखीचे असायला हवे. इथे कापडाचा व्यापार करणाऱ्या अँटनी व्हान लीवेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाण्याच्या थेंबातले सूक्ष्मजीव पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने तसे कळवले. लंडनकरांचा विश्वास बसेना. मग लीवेनहूक यांनी आठ प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी पाठवल्या. पण प्रश्न मिटला तो साक्षींनी नव्हे. नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हुक यांनी मिरी भिजवलेले पाणी घेऊन, स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून तेच इवलेसे जीव सोसायटीच्या सभेत दाखवले, तेव्हा मिटला.

ही आठवण आज काढायचे कारण डेल्फ्टचेच तंत्रज्ञान विद्यापीठ. क्वांटम माहितीविज्ञानात जगभर ज्या मोजक्या ठिकाणांकडे लक्ष असते त्यांपैकी हे एक. २०१५ मध्ये तिथून एक बातमी आली आणि देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत झळकली. २०१८ मध्ये दुसरी आली, तीही गाजली. दोन्ही शोधनिबंध ‘नेचर’ या एकाच साप्ताहिकात छापले गेले, दोन्हींमागे हुशार आणि कष्टाळू माणसे होती, आणि दोन्ही प्रयोग अतिशय अवघड होते. पहिली बातमी आजही ठामपणे उभी आहे. दुसरी तीन वर्षांनी मागे घ्यावी लागली. असे का झाले, हे नीट पाहण्यासारखे आहे. कारण ‘क्वांटम’ शब्द असलेल्या बातम्या आता आठवड्याला एखादी तरी कानावर पडते, आणि त्यांतली कोणती किती मनावर घ्यायची हे सांगणारे कोणी शेजारी बसलेले नसते.

आधी २०१५ ची गोष्ट. तिचे मूळ मात्र १९३५ मध्ये आहे. त्या वर्षी आइन्स्टाइन यांनी बोरिस पोडोल्स्की आणि नॅथन रोझेन या दोन सहकाऱ्यांसह एक आक्षेप नोंदवला. क्वांटम सिद्धांताप्रमाणे दोन कण असे एकमेकांत गुंतू शकतात की, ते कितीही दूर नेले तरी एकाच्या मोजणीचा निकाल दुसऱ्याच्या निकालाशी जुळून येतो. शास्त्रज्ञ याला एंटँगलमेंट म्हणतात, आपण ‘गुंतलेपण’ म्हणू. आइन्स्टाइन यांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते उत्तरे आधीच कुठेतरी ठरलेली असणार आणि सिद्धांताला ती दिसत नसणार. पायमोज्यांच्या जोडीतला एक पुण्यात आणि एक नागपुरात सापडला आणि दोन्ही निळे निघाले, तर त्यात कसला आलाय चमत्कार?

हा वाद जवळजवळ तीस वर्षे नुसता तत्त्वज्ञानाचा राहिला. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी तो प्रयोगशाळेत आणायची वाट दाखवली. बेल मूळचे बेलफास्टचे आणि जीनिव्हाच्या सर्न या संस्थेत नोकरीला. त्यांचे गणित एका खेळात बसवता येते. हा खेळ कागद-पेन्सिल घेऊन घरी करून पाहण्यासारखा आहे.

सुधा आणि मीना या दोन मैत्रिणींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. दोघींनी आधी हवे तेवढे खलबत करावे, पण खोलीत गेल्यावर बोलणे बंद. परीक्षक प्रत्येकीला एकच शब्द विचारणार, ‘चहा?’ किंवा ‘कॉफी?’. कोणीला कोणता, ते नाणे उडवून ठरवायचे. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. नियम असा : दोघींनाही ‘कॉफी’ विचारले गेले, तर त्यांची उत्तरे वेगळी यायला हवीत. इतर तिन्ही वेळा ती सारखी यायला हवीत. दोघी कायम ‘हो’ म्हणत राहिल्या तर चारातले तीन प्रसंग जिंकतील, म्हणजे शंभरात पंचाहत्तर. याहून बरी युक्ती आहे का? नाही. सुधाचे चहाचे उत्तर मीनाच्या चहाशीही जुळले पाहिजे आणि मीनाच्या कॉफीशीही, आणि सुधाचे कॉफीचे उत्तर मीनाच्या चहाशी. हे तिन्ही पाळले की चारही उत्तरे सारखी होतात, मग कॉफी-कॉफीला ती वेगळी आणायची कुठून? आधी ठरवून ठेवलेली कोणतीही उत्तरे घ्या, पंचाहत्तर टक्क्यांची भिंत ओलांडता येत नाही. क्वांटम सिद्धांत म्हणतो की दोघींकडे गुंतलेले कण असतील, तर सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जाता येते.

म्हणजे आता वाद घालायचे कारण उरले नाही. खेळ खेळायचा आणि गुण मोजायचे.

१९७२ मध्ये अमेरिकेत जॉन क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी, १९८२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ आस्पे यांनी, पुढे ऑस्ट्रियात अँटोन झायलिंगर यांनी हे मोजले आणि निकाल क्वांटमच्या बाजूने लागला. (आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते या कामासाठी.) तरी शंकेखोरांना पळवाटा उरल्याच. एक पळवाट अशी की दोन्ही उपकरणे जवळ असतील, तर प्रकाशाच्या वेगाने का होईना, एकीचा प्रश्न दुसरीला ‘कळत’ असेल. दुसरी अशी की प्रकाशकण वाटेत बरेच हरवतात. जे हाती लागले तेवढेच मोजले आणि हरवलेल्यांचे निकाल उलटे असते तर? वेगवेगळ्या प्रयोगांत यातली एक किंवा दुसरी वाट बंद झाली होती. दोन्ही एकाच प्रयोगात कोणाला बंद करता आल्या नव्हत्या.

डेल्फ्टच्या रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाने ते केले. शोधनिबंधावर पहिले नाव होते बास हेन्सन यांचे. विद्यापीठाच्या आवारात सुमारे १.३ किलोमीटर अंतरावर दोन प्रयोगशाळा मांडल्या. प्रत्येकीत एक छोटासा हिरा, उणे २६९ अंशांच्या आसपास थंड केलेला. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तबद्ध रांग. त्या रांगेत एखाद्या ठिकाणी कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू येतो आणि शेजारची जागा रिकामी राहते. जवाहिऱ्याच्या दृष्टीने ती खोट, भौतिकशास्त्रज्ञाला मात्र तिथे एक इलेक्ट्रॉन अलगद पकडून ठेवता येतो. हे दोन इलेक्ट्रॉन म्हणजे आपल्या सुधा आणि मीना.

दोघींना गुंतवायचे कसे? त्या तर कधी भेटलेल्याच नाहीत. प्रत्येक इलेक्ट्रॉनकडून एक प्रकाशकण बाहेर काढायचा, तो ऑप्टिकल फायबरमधून मधल्या तिसऱ्या ठिकाणी पाठवायचा आणि तिथे दोन्ही प्रकाशकणांची गाठ घालून द्यायची. तिथले शोधक विशिष्ट क्रमाने वाजले, की त्या क्षणी दूरचे दोन इलेक्ट्रॉन गुंतले असे समजायचे. हे घडणे किती दुर्मीळ? सुमारे साडेपंधरा कोटी प्रयत्नांमागे एकदा. यंत्रणा रात्रंदिवस अशी चालवायची आणि तासाला जेमतेम एखादा यशस्वी प्रसंग पदरात पडायचा. १८ दिवसांच्या काळात एकूण २२० तास मोजणी झाली आणि खेळाचे डाव झाले २४५.

या मांडणीतले खरे शहाणपण त्या मधल्या ‘वाजण्यात’ आहे. कोणता प्रयत्न हिशेबात धरायचा हे तिसऱ्या ठिकाणचा इशारा ठरवत होता. तिथल्या शोधकांना सुधा-मीनाला कोणते प्रश्न पडले आणि त्यांनी काय उत्तरे दिली याचा पत्ता असण्याचे कारणच नव्हते. इशारा मिळाला की तो डाव मोजायचा, मग उत्तर आवडो वा न आवडो. हरवलेल्या कणांची पळवाट अशी बंद झाली. अंतराची पळवाट बंद झाली ती घड्याळाच्या हिशेबाने. १.२८ किलोमीटर जायला प्रकाशाला ४.२७ मायक्रोसेकंद लागतात, आणि एका बाजूला प्रश्न निवडण्यापासून उत्तर नोंदवण्यापर्यंतचे सगळे काम त्याच्या आत उरकत होते. एका मायक्रोसेकंदात सेकंदाचा दहा लाखावा भाग असतो, हे लक्षात घेतले तर ती धावपळ कळेल.

निकाल : २४५ पैकी १९६ डाव जिंकले. ऐंशी टक्के. भिंत पंचाहत्तरची.

आता यात एक गोष्ट आहे जी आरोग्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना पटकन कळेल. २४५ हा आकडा लहान आहे. सगळी उत्तरे आधीच ठरलेली असती, तरी निव्वळ नशिबाने इतके किंवा याहून जास्त डाव जिंकण्याची शक्यता किती, याचा हिशेब गटाने शक्य तितक्या कडक गृहीतकांवर केला आणि तो छापला : फार तर ०.०३९, म्हणजे शंभरात चार. औषधांच्या चाचण्यांत शंभरात पाच ही रूढ मर्यादा आहे, त्या मानाने हे उत्तीर्ण. पण भौतिकशास्त्रात एवढ्यावर कोणी पेढे वाटत नाही. डेल्फ्टकरांनी तो आकडा झाकला नाही, मोजणीच्या नोंदी सार्वजनिक विदागारात ठेवल्या आणि प्रयोग पुन्हा केला. दुसऱ्या फेरीत ३०० डाव झाले, भिंत पुन्हा ओलांडली गेली. एवढ्यात, २०१५ संपायच्या आतच, व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या गटांनी हिऱ्यांऐवजी थेट प्रकाशकण वापरून, वेगळ्या यंत्रणेने तोच निष्कर्ष काढला. त्यांच्याकडे डावांची संख्या प्रचंड होती आणि नशिबाची शक्यता नगण्य. लीवेनहूकनंतर हुक यांनी जे केले तेच हे. फरक इतकाच की यावेळी वर्षभर थांबावे लागले नाही.

दुसरी बातमी त्याच आवारातली, पण वेगळ्या गटाची. क्वांटम संगणकाची मोठी दुखरी नस म्हणजे त्यातली माहिती फार नाजूक असते. जरा उष्णता, जरा कंपन, आणि ती पुसली जाते. समजा, माहितीचा एकच कण एका तारेच्या दोन टोकांवर मिळून विभागून ठेवता आला तर? मग एका टोकाला धक्का बसला तरी माहिती शाबूत राहील. असे काही शक्य असावे हे सुचते ते एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाच्या १९३७ मधल्या एका कल्पनेवरून. (हे मायोराना १९३८ मध्ये पालेर्मोहून नेपल्सला जाणाऱ्या बोटीच्या प्रवासात नाहीसे झाले. त्यांचे पुढे काय झाले यावर इटलीत अजून पुस्तके निघतात.) इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाची अतिसूक्ष्म तार घ्यायची, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम चढवायचे, निरपेक्ष शून्याजवळ थंड करायचे आणि चुंबकीय क्षेत्रात ठेवायचे. तारेच्या टोकाशी मायोरानाची अवस्था असेल, तर तिची विद्युतवाहकता एका ठराविक मूल्याशी येऊन सपाट होईल, असे भाकीत होते. डोंगर चढता चढता पठार लागावे तसे.

२०१२ मध्ये लिओ काउवेनहोव्हन यांच्या डेल्फ्टमधल्या गटाला अशा अवस्थेच्या पहिल्या खुणा दिसल्या होत्या. २०१६ मध्ये काउवेनहोव्हन मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, कारण त्या कंपनीने आपला क्वांटम संगणक याच वाटेने बांधायचे ठरवले होते. मार्च २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये नवा शोधनिबंध आला. त्यातल्या आलेखात पठार होते आणि ते नेमके भाकीत केलेल्या उंचीवर होते.

पुढच्या भागात खलनायक नाही, म्हणून तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्गेई फ्रोलोव आणि विन्सेंट मोरिक हे दोघे २०१२ च्या त्या पहिल्या शोधनिबंधाचे सहलेखक, म्हणजे घरचीच माणसे. नंतर ते दुसरीकडे गेले होते. त्यांना २०१८ च्या आलेखांत काहीतरी खटकले आणि त्यांनी लेखकांकडे मूळ मोजणीच्या नोंदी मागितल्या. २०१९ अखेर त्यांना छापलेल्यापेक्षा बऱ्याच जास्त नोंदी मिळाल्या. सगळ्या नोंदी मांडून पाहिल्या तेव्हा पठार तितके स्वच्छ राहत नव्हते. काही मोजण्या आलेखातून गाळलेल्या होत्या, काही ठिकाणी न सांगता दुरुस्ती केलेली होती, एका आलेखाच्या अक्षावरचे आकडेही चुकले होते. पठाराच्या वरही डोंगर चढतच गेलेला होता, फक्त तो भाग चित्राच्या चौकटीत आला नव्हता.

एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर’ने त्या शोधनिबंधाला सावधगिरीची सूचना जोडली. मार्च २०२१ मध्ये लेखकांनी तो स्वतः मागे घेतला आणि आपण पुरेसा काटेकोरपणा पाळला नाही याबद्दल क्षमा मागितली. विद्यापीठाने नेमलेल्या चार बाहेरच्या तज्ज्ञांनी सगळे तपासले. खोटे आकडे तयार केल्याचे त्यांना कुठे आढळले नाही. त्यांचा निष्कर्ष साध्या भाषेत सांगायचा तर असा : हवे ते दिसल्याच्या आनंदात लेखक वाहवत गेले आणि विरुद्ध बोलणाऱ्या मोजण्यांकडे त्यांनी पुरेसे पाहिले नाही.

एखाद्या डॉक्टरने शंभर रुग्णांना औषध द्यावे, बरे झालेल्या तीस जणांची माहिती तक्त्यात मांडावी आणि उरलेल्या सत्तरांबद्दल ‘त्यांची प्रकृती मुळातच वेगळी होती’ असे मनाशी म्हणावे, तसे हे आहे. तो डॉक्टर लबाड असेलच असे नाही. प्रत्येक रुग्ण वगळताना त्याच्याकडे काहीतरी कारण असेल. शेकडो उपकरणांतून चांगले चालणारे एखादेच सापडते अशा क्षेत्रात तर ‘हे उपकरण बिघडलेले, ते सोडा’ असे रोजच म्हणावे लागते. अडचण वगळण्यात नाही. उत्तर डोळ्यांसमोर असताना वगळण्यात आहे. हिऱ्यांच्या प्रयोगात ही सोय कोणालाच नव्हती, कारण डाव मोजायचा की नाही हे उत्तर यायच्या आधी, दुसऱ्याच इमारतीत ठरत होते. तिथल्या माणसांची सचोटी तारांच्या प्रयोगातल्या माणसांपेक्षा जास्त होती असे मी म्हणणार नाही. त्यांच्या प्रयोगाची बांधणीच अशी होती की मोहाला जागा नव्हती.

माझी थोडी तक्रार नियतकालिकांच्या पद्धतीवर आहे. शोधनिबंध छापण्यापूर्वी तज्ज्ञ तो वाचतात हे खरे, पण ते बहुधा लेखकांनी निवडलेले आलेखच वाचतात. कच्च्या नोंदींपर्यंत जायला वेळ कोणाला असतो? इथे त्या मागायला दोन माजी सहकारी निघाले, आणि मिळवायला चिकाटी लागली. ज्यांचे पुढचे अनुदान, पुढची नोकरी त्याच छोट्याशा वर्तुळातल्या माणसांच्या मतावर ठरते, त्यांनी असे विचारणे सोपे नसते.

मायोरानाचा शोध थांबलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मायोराना १’ नावाची चिप जाहीर केली. त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये कंपनीचा शोधनिबंध आला. त्याच्यासोबत तज्ज्ञांची मतेही प्रसिद्ध झाली, आणि त्यांत संपादकांनी लिहिले होते की यातल्या निकालांना मायोराना अवस्थेच्या अस्तित्वाचा पुरावा समजू नये. बातम्यांच्या मथळ्यांत ही ओळ फारशी कुठे दिसली नाही. त्या वेळी ज्यांनी मथळा वाचून नातेवाइकांच्या गटात ‘क्वांटम संगणक आला’ असे पाठवले, त्यांना दोष देता येणार नाही. चिपच्या नावातच निष्कर्ष होता.

आपल्याकडेही अशा बातम्यांचा ओघ वाढणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली, २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये. मोहिमेची चार मुख्य केंद्रे आहेत, त्यांतले संवेदकांवर काम करणारे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे मोठे काम चालते. तिथून काही जाहीर झाले की क्युबिट किती, वेग किती पट, जगात कितवे, हे आकडे मथळ्यात येतील. मी वाचताना आधी दुसरेच काही शोधतो : एकूण किती वेळा मोजले, त्यातले किती दाखवले, काय वगळायचे ते कधी ठरवले, आणि नोंदी मागितल्या तर मिळतील का. विद्यापीठाच्या पत्रकात हे बहुधा नसते. मूळ शोधनिबंधाच्या शेवटी, बारीक अक्षरात, ‘विदा उपलब्धता’ अशा मथळ्याखाली असते. तिथे ‘सार्वजनिक’ लिहिले आहे की ‘योग्य विनंती केल्यास’, एवढे पाहायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

डेल्फ्टच्या हिऱ्यांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. २०२१ मध्ये त्याच गटाने दोनाऐवजी तीन ठिकाणे एका जाळ्यात गुंतवली. २०२२ मध्ये या जाळ्यात थेट न जोडलेल्या दोन टोकांमध्ये क्वांटम माहिती पोहोचवली. हा सगळा खटाटोप अशा इंटरनेटसाठी आहे, ज्यातली गुप्त किल्ली कोणी मधेच चोरून ऐकली तर ते लगेच उघडकीला यावे. मग प्रयोग आवाराबाहेर पडला. एक हिरा डेल्फ्टमध्ये, दुसरा सुमारे दहा किलोमीटरवरच्या द हेग शहरात. मध्ये जमिनीखाली आधीच टाकलेली, २५ किलोमीटर लांबीची फायबर. हिऱ्यातून निघणारा लाल प्रकाश अशा तारेत लवकर विरतो, म्हणून प्रत्येक प्रकाशकणाची तरंगलांबी आधी बदलून घ्यावी लागली. त्यात गुंतलेपण मोडू न देणे हेच अवघड काम होते. तारा उन्हाने प्रसरण पावतात, रस्त्यावरच्या वाहतुकीने हलतात, तेही सतत सावरत राहावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. दोन शहरांतले इलेक्ट्रॉन गुंतले की नाही, हे इथेही मधल्या ठिकाणचा शोधक वाजूनच सांगत होता.